तो फोटो नेमका कुणाचा?

आमच्या महिला मंडळाच्या कपाटात एक जाडजूड अल्बम आहे. शिलाई मशीन वाटप, वह्यावाटप, हिमोग्लोबिन तपासणी शिबिर, हळदीकुंकू... इतक्या वर्षांच्या कामाचा पुरावाच म्हणा ना! हा अल्बम चाळताना एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक फोटोत पाहुणे कॅमेऱ्याकडे बघत असतात आणि वस्तू घेणारी बाई जमिनीकडे. "अगं, जरा वर बघ की, थोडी हस," असं सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं.

मागच्या वर्षी मंडळाची स्मरणिका निघाली. त्यानंतर आठ दिवसांनी एक बाई माझ्या दारात आली. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हा मंडळानं तिला शिलाई मशीन दिलं होतं. आज ती ब्लाऊज शिवून घर चालवते. पाणी झालं, चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, मशीन छान चाललंय हो. पण तो फोटो परत छापलात ना, तेवढा नको होता. तेव्हा पेपरात आला तर दीर महिनाभर बोलला नाही. आता पोराला शाळेत चिडवतात. मोबाईलवर पण फिरतोय म्हणे."

मी काय म्हणाले असेन? "अगं, चांगल्या कामासाठीच छापलाय. तुझं बघून आणखी चार जणी पुढे येतील." ती "हो ना" म्हणाली आणि गेली. मला मात्र जरा रागच आला. करायला जावं एक, अन्...

पुण्यात पत्रकारितेचा कोर्स करणारी माझी भाची तेव्हा घरी आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "मावशी, तुला एका फोटोग्राफरची गोष्ट सांगते. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो शेवटी दाखवीन. आधी माणूस ऐक." मैत्रिणींनो, तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. तिनं सांगितली तेवढी आणि नंतर मी स्वतः शोधून वाचली तेवढी.

त्या माणसाचं नाव युजीन स्मिथ. अमेरिकेतल्या विचिटा गावी १९१८ साली जन्मलेला. आईला फोटोग्राफीचा नाद, तिच्याकडूनच याला तो लागला. १९३६ साली वडिलांनी आत्महत्या केली. तेव्हा घरात घडलं ते आणि वर्तमानपत्रांत छापून आलं ते, यांत फरक होता. आपण याच धंद्यात जायचं, पण खरं दाखवायचं, असं या पोरानं तेव्हा ठरवलं म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात तो पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर युद्धाचे फोटो काढत होता. मे १९४५मध्ये ओकिनावा इथं तोफगोळ्याचे तुकडे त्याच्या हातात आणि तोंडात घुसले. दोन वर्षं नुसती ऑपरेशनं. त्यानंतर त्यानं काढलेला पहिला फोटो कसला असावा? त्याची स्वतःची दोन लहान मुलं हात धरून झाडीतून उजेडाकडे चालली आहेत, पाठमोरी! तो फोटो आजही जगभर छापला जातो.

पुढे 'लाईफ' या तेव्हाच्या प्रसिद्ध साप्ताहिकात त्यानं नाव काढलं. त्याची रीतच निराळी होती. दोन तासांत फोटो काढून परत, हे त्याला मान्य नव्हतं. आठवडेच्या आठवडे तो त्या माणसांबरोबर राहायचा. १९४८ साली त्यानं कोलोरॅडोतल्या एका खेड्यातल्या डॉक्टरवर फोटोकथा केली. १९५१ साली केली मॉड कॅलन या कृष्णवर्णीय नर्सवर. ही बाई साउथ कॅरोलायनातल्या गरीब वस्तीत सुईणपण करायची, मैलोन्मैल फिरायची आणि गावातल्या बायकांना बाळंतपणाचं शिक्षणही द्यायची. ते फोटो छापून आले आणि वाचकांनी आपणहून हजारो डॉलर पाठवले. त्या पैशांतून १९५३ साली तिचं क्लिनिक उभं राहिलं. फोटोग्राफीनं आपल्याला दिलेलं सगळ्यात मोठं समाधान हेच, असं स्मिथ म्हणत असे.

बघा, फोटोतून भलं होतं ते असं. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण हा माणूस सरळ नव्हता. कसा फोटो निवडावा, किती मोठा छापावा, यावरून संपादकांशी त्याचे सतत खटके उडायचे. डॉ. श्वाइत्झर यांच्या आफ्रिकेतल्या दवाखान्यावरची फोटोकथा १९५४ साली छापून आली. ती आपल्या मनासारखी मांडली नाही म्हणून त्यानं 'लाईफ' सोडलं. लगेच पिट्सबर्ग शहराचं काम मिळालं. काही आठवड्यांत शंभर फोटो द्यायचे, एवढंच काम. यानं हजारो काढले, वर्षं घालवली आणि कर्ज करून ठेवलं. दारू आणि जागं राहायच्या गोळ्या होत्याच. १९५७ साली बायको कार्मेन आणि चार मुलांना मागे ठेवून तो न्यूयॉर्कच्या एका जुनाट इमारतीत राहायला गेला. दुसऱ्यांच्या मुलांची दुःखं अशी जीव तोडून टिपणाऱ्याच्या स्वतःच्या मुलांनी काय सोसलं असेल, हे एक गृहिणी म्हणून माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

आणखी एक वाद आहे, आणि तो फक्त घरचा नाही. स्मिथ डार्करूममध्ये फोटो 'घडवायचा'. श्वाइत्झर यांच्या एका प्रसिद्ध फोटोत पुढे करवतीची मूठ आणि एक हात दिसतो. तो भाग दुसऱ्याच निगेटिव्हवरून आणून जोडलेला आहे. स्पेनमधल्या डेलेइतोसा खेड्यातला त्याचा एक फोटो आहे, मयतीचा. म्हातारा गेलाय, भोवती घरच्या बायका बसल्या आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये त्यांतल्या दोघी कॅमेऱ्याकडे बघत होत्या. स्मिथनं प्रिंट करताना त्यांचे डोळे गडद केले आणि बारीक ब्रशनं त्यांची नजरच दुसरीकडे वळवली.

हे ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "अगं, ही तर शुद्ध फसवणूक!" भाची हसली. "आणि तू 'वर बघ, हस' म्हणतेस ते, मावशी?"

मी गप्प.

स्मिथचं यावर म्हणणं होतं, की 'तटस्थ' हा शब्दच पत्रकारितेतून काढून टाकायला हवा. मी इथं राहिलो, समजून घेतलं, आता मला कळलेलं खरं मी तुमच्यापर्यंत पोचवणार. त्याच्या मते फोटो काढणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या असतात: एक ज्यांचा फोटो काढला त्यांची, आणि दुसरी जे तो बघणार त्यांची. ऐकायला हे फार छान आहे. पण या दोघांचं हित एकमेकांच्या आड आलं तर काय करायचं?

तेच पुढे जपानमध्ये घडलं.

क्यूशू बेटावर मिनामाता नावाचं गाव आहे. आपल्या कोकणातल्या एखाद्या बंदरासारखं समजा. मासळी हेच अन्न आणि मासळी हाच धंदा. तिथं चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. अॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवताना तिथं पारा वापरायचे आणि पारामिश्रित सांडपाणी खाडीत सोडायचे. १९३२ ते १९६८, तब्बल छत्तीस वर्षं! पाण्यातून विष मासळीत आणि मासळीतून ताटात. आधी गावातली मांजरं वेड्यासारखी नाचून मरू लागली. मग माणसांचे हातपाय वाकडे होऊ लागले, बोलणं अडखळू लागलं, नजर जाऊ लागली. १ मे १९५६ रोजी या रोगाची पहिली अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कंपनीच्याच दवाखान्यातल्या डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाण्यातून देऊन पाहिलं. मांजराला तोच रोग झाला. कंपनीनं ते दाबून ठेवलं. त्याच वर्षाअखेर 'सहानुभूती' म्हणून थोडे पैसे हातावर ठेवून लोकांकडून लिहून घेतलं, की पुढे कंपनीचा दोष सिद्ध झाला तरी आम्ही आणखी काही मागणार नाही. सरकारनं कारण मान्य करायला १९६८ साल उजाडलं.

आणि यात आपण बायकांनी ऐकायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. पोटातल्या बाळाला आईची वार विषापासून वाचवते, असं तोवर डॉक्टरही मानत होते. मिनामातात उलटं दिसलं. आई धडधाकट किंवा थोडीफार आजारी, आणि बाळ मात्र जन्मतःच जखडलेलं. आईनं खाल्लेल्या मासळीतला पारा वारेतून पोटच्या बाळात उतरत होता. डोहाळ्यांचं म्हणून जे कौतुकानं खाल्लं असेल, त्यातूनच!

स्मिथ तिथं पोचला १९७१ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, खिळखिळ्या तब्येतीचा. बरोबर होती आयलीन. आई जपानी, वडील अमेरिकन, वय एकवीस. नुकतंच दोघांनी लग्न केलं होतं. तीन महिन्यांसाठी आलेली ही जोडी तीन वर्षं राहिली. भाषा आयलीनची, ओळखीपाळखी तिच्या, आणि 'मिनामाता' या त्यांच्या पुस्तकातले काही फोटोही तिचेच. जानेवारी १९७२मध्ये कंपनीच्या गोई इथल्या कारखान्यात रुग्णांबरोबर गेले असताना कंपनीच्या माणसांनी स्मिथला बेदम मारलं. त्याची नजर अधू झाली. तरी तो मागे हटला नाही.

त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर १९७१मध्ये त्यानं 'तो' फोटो काढला होता. जन्मतःच हा रोग असलेली पंधरा वर्षांची मुलगी. चालता येत नाही, बोलता येत नाही. आई तिला न्हाणीघरात कोमट पाण्यात मांडीवर घेऊन अंघोळ घालते आहे. सगळीकडे अंधार, उजेड फक्त त्या दोघींवर. मुलीचे डोळे छताकडे आणि आईची नजर मुलीच्या चेहऱ्यावर. मुलगी उघडी आहे, म्हणून मी याहून जास्त वर्णन करत नाही. ती नजर मात्र सांगते. आपण तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बघतो ना, तीच. ही आई लेकीला आपलं 'धन' म्हणायची. हिनं माझ्या अंगातलं विष स्वतःत ओढून घेतलं म्हणून मी आणि हिची पाठची भावंडं वाचलो, असं सांगायची.

आईवडिलांच्या संमतीनं काढलेला तो फोटो जून १९७२मध्ये 'लाईफ'मध्ये छापून आला आणि जग हादरलं. मार्च १९७३मध्ये न्यायालयानं कंपनीला दोषी ठरवलं. दर रुग्णामागे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख येन भरपाई द्यायला लावली. हे एका फोटोनं झालं असं म्हणणं खोटं ठरेल. रुग्ण कितीतरी वर्षं लढत होते, १९६९पासून दावा चालू होता. पण जगाला मिनामाता हे नाव ठाऊक झालं, त्यात या फोटोचा वाटा मोठा. त्या मायलेकींना बघितल्यावर 'आकडे अजून तपासतोय' म्हणायची सोय कुणाला उरली नाही.

ती मुलगी १९७७ साली, एकविसाव्या वर्षी गेली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७८मध्ये स्मिथही गेला. फोटो मात्र राहिला. पुस्तकांत, प्रदर्शनांत, पत्रकांवर, प्रदूषणविरोधी सभांमध्ये.

आणि त्या घरात काय चाललं होतं? मुलीच्या वडिलांनी पुढे ते लिहून ठेवलं. त्याचा मथितार्थ असा. प्रदूषण थांबावं म्हणून आम्ही फोटोला, मुलाखतींना हो म्हणत गेलो. ठिकठिकाणी लोक फोटो वापरत राहिले. मग कुजबुज सुरू झाली, की हे पोरीच्या फोटोवर पैसे कमावतात. त्यात काडीचंही तथ्य नव्हतं. पण त्या बोलण्यानं घरात रोज किती त्रास झाला, हे बाहेरच्याला कळणार नाही.

ओळखीचं वाटतंय ना? गाव जपानातलं असो की आपल्या तालुक्याचं, ओट्यावरची कुजबुज सारखीच.

१९९७ साली एका फ्रेंच टीव्ही कंपनीनं फोटो वापरायची परवानगी मागितली, तेव्हा वडील नाही म्हणाले. पोरीला आता शांतपणे विसावू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. स्मिथच्या मागे फोटोचे हक्क आयलीनकडे होते. कायद्यानं ती म्हणू शकली असती, की फोटो माझ्या नवऱ्याचा, जगाचा ठेवा आहे, तुम्ही मध्ये येऊ नका. पण १९९८ साली ती त्या आईवडिलांकडे गेली आणि या फोटोचं काय करायचं ते ठरवण्याचा हक्क तिनं त्यांच्या हाती दिला. यापुढे तो नव्यानं छापायला देणार नाही, असंही सांगितलं. या फोटोनं मुलीचा मान राहत नसेल तर त्याला अर्थ नाही, अशी तिची भूमिका होती.

जगात याच्यावर खूप वाद झाला. काही जाणकार म्हणाले, असा फोटो लपवणं म्हणजे इतिहास लपवणं. उद्या कुणी 'मिनामातात काही झालंच नाही' म्हणालं तर? २०२० साली जॉनी डेपचा 'मिनामाता' सिनेमा आला. त्यात तो न्हाणीघरातला प्रसंग पुन्हा उभा केला गेला, आणि सगळा वाद पुन्हा वर आला.

मला काय वाटतं? इतिहास लपवू नये, हे खरंच. आपल्याला भोपाळ कळलं ते १९८४ सालच्या त्या मातीत पुरल्या जाणाऱ्या, उघड्या डोळ्यांच्या बाळाच्या फोटोंमुळे. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू, दोघांनीही ते बाळ टिपलं. ते बाळ कुणाचं होतं, ते कळलंच नाही.  असे फोटो काढूच नयेत असं म्हणणाऱ्यांनी एकदा विचार करावा, की सांडपाणी सोडणाऱ्यांना तेच तर हवं असतं. कुणी बघू नये, कुणी दाखवू नये!

पण मिनामातातल्या त्या आईनं जे दिलं होतं ते दान नव्हतं, उसनं होतं. एका कामासाठी दिलेलं. काम झालं, लेक गेली, आता आमचं आम्हाला परत द्या म्हणण्याचा तिला हक्क नाही का? शेजारणीला हळदीकुंकवासाठी दिलेली चांदीची ताटली आपण परत मागतोच ना? एकदा 'हो' म्हटलं म्हणजे जन्मभराचं 'हो' झालं, ही समजूत आपण बायकांनी तरी ठेवू नये. या समजुतीचे चटके आपल्याइतके कुणाला बसलेत?

फोटो काढणं ही स्मिथची हिंमत होती. त्यासाठी त्यानं मार खाल्ला. पण हातात असलेला जगप्रसिद्ध फोटो 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत त्या आईवडिलांपुढे ठेवणं, ही आयलीनची हिंमत मला तेवढीच मोठी वाटते. स्मिथच्या त्या दोन जबाबदाऱ्या एकमेकींच्या आड आल्या, तेव्हा कुणाची बाजू घ्यायची हे तिनं ठरवलं. मी तिच्या बाजूची आहे.

आता माझ्या अल्बमकडे येते. स्मिथ तीन वर्षं राहिला, माणसांत मिसळला, आणि तरीही त्याच्या फोटोनं त्या घराला त्रास झाला. आम्ही तर दहा मिनिटांत मशीन देतो, फोटो काढतो, चहा पिऊन घरी जातो! आणि आमच्या फोटोनं कुठला कारखाना बंद पडणार असतो? तो फोटो बहुतेक वेळा पाहुण्यांसाठी असतो, आमच्यासाठी असतो. ती बाई फोटोत असते, इतकंच.

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा खडाजंगी झाली. "देणगीदारांना पुरावा नको का?" खजिनदारबाईंचा प्रश्न. त्यांचंही चूक नाही, पैशाचा हिशेब द्यावाच लागतो. शेवटी ठरलं ते असं. हिशेबाला पावती आणि सही. फोटो काढायचाच तर मशीनचा, शिवलेल्या कपड्यांचा. चेहरा हवा असेल तर आधी विचारायचं, आणि तेही चारचौघांत नाही, एकटीला. सगळ्यांसमोर विचारलं तर ती 'नाही' म्हणणार कशी? आणि छापायच्या वेळी पुन्हा विचारायचं. नंतर 'नको' म्हणाली तर का म्हणून विचारायचं नाही.

दोघी-तिघी अजूनही नाराज आहेत.

मी तिच्या घरी गेले. उरलेल्या स्मरणिकांमधून ते पान काढल्याचं सांगितलं, मंडळाच्या ग्रुपवरून फोटो काढल्याचंही सांगितलं. "दुसऱ्यांच्या मोबाईलमध्ये असेल तो काही मला परत आणता येणार नाही गं," हेही कबूल केलं. ती मशीनवरून उठली नाही. टीप पूर्ण केली, दोरा तोडला, मग म्हणाली, "विचारायला आलात ना ताई, बास झालं."

तुमच्या कपाटातही असा अल्बम असेल. मोबाईलमध्ये तर असणारच. एकदा उघडून बघा. त्यातल्या किती जणींना आपण विचारलं होतं?